पळून जाण्याचा हक्क

श्रोतेहो, जबलपूर हे शहर बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि दुसरी येथील लष्करी छावणी. भोसल्यांच्या अमदानीत येथे आलेली मराठी घराणी असोत, की पुढे रेल्वेच्या आणि १९०४ साली सुरू झालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्याच्या निमित्ताने स्थायिक झालेली कुटुंबे असोत, छावणीचा भोंगा, शिपायांची कवायत आणि सदरच्या बाजारातील वर्दळ ही त्या सर्वांच्या ओळखीची. ह्याच छावणीने १९७१ च्या युद्धानंतर एक वेगळेच पाहुणे सांभाळले. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याला शरणागतीच्या कागदावर सही करणारे लेफ्टनंट जनरल नियाझी आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी आधी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये आणि नंतर जबलपूरला आणले गेले. ज्या ठिकाणी त्यांना ठेवले त्याचे नाव होते कॅम्प नंबर शंभर. सैनिक आणि मुलकी माणसे मिळून सुमारे त्र्याण्णव हजार पाकिस्तानी त्या वेळी आपल्या ताब्यात होते आणि देशातल्या निरनिराळ्या छावण्यांत ते विखुरलेले होते.

एखाद्याला कैदेत ठेवणे ही पहिल्या दृष्टीला सोपी गोष्ट वाटते. कुंपण घालावे, पहारा बसवावा, दोन वेळचे अन्न द्यावे, झाले. पण कैदी निसटला तर काय करावे? आणि तो पुन्हा सापडला तर? ह्या प्रश्नाशी येऊन पोहोचल्यावर कैद करणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. आज आपणांशी ह्याच प्रश्नाविषयी थोडे बोलावयाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हाती सापडलेल्या जर्मनांच्या पलायनाच्या कथा त्यासाठी फार उपयोगी पडतात. त्यांतल्या काही इंग्लंडात घडल्या, तर एक आपल्याच देशात, आणि तिची सुरुवात तर आपल्या नगर जिल्ह्यात झालेली आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. चोर तुरुंगातून पळाला तर तो नवा गुन्हा ठरतो. युद्धकैद्याचे तसे नाही. तो गुन्हेगार नसतो. तो आपल्या राजाच्या किंवा राष्ट्राच्या आज्ञेने लढला, त्याचे दैव फिरले आणि तो शत्रूच्या हाती पडला, इतकेच. तेव्हा संधी मिळताच आपल्या सैन्यात परत जाणे हे त्याच्या शपथेशी सुसंगतच आहे, असे राष्ट्रांनी मान्य केले. हेगच्या करारात हे तत्त्व आले, १९२९ च्या जिनिव्हा करारात ते अधिक स्पष्ट झाले आणि १९४९ च्या करारात पक्के झाले. पळताना पकडलेल्या युद्धकैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि ती तीस दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. पळण्यासाठी त्याने मुलकी पोशाख चढवला, खोटे कागद बनवले, सरकारी कुंपण तोडले, तरी त्याबद्दल त्याला ह्याहून मोठी शिक्षा करता येत नाही. आणि तो एकदा आपल्या सैन्यात सुखरूप पोहोचला व पुढे दुसऱ्या एखाद्या लढाईत पुन्हा पकडला गेला, तर आधीच्या पलायनाचा हिशेब त्याच्याकडून मागता येत नाही. पहारेकऱ्याला गोळी झाडण्याचा अधिकार आहे, पण तो शेवटचा उपाय म्हणून, आणि आधी इशारा देऊन. म्हणजे काय, तर कैद्याला पळण्याचा हक्क आहे आणि रखवालदाराला त्याला धरण्याचा. दोघांनीही आपापले काम करावे, परंतु त्यात सूड नसावा.

ह्या नियमाच्या छायेत इंग्लंडातील जर्मन कैद्यांनी जे उद्योग केले त्यांत फ्रान्झ फॉन व्हेरा ह्या वैमानिकाचे नाव सर्वांत गाजले. १९४० च्या सप्टेंबरात त्याचे विमान केंट परगण्यात पाडले गेले. त्याला उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या ग्राइझडेल हॉल नावाच्या वाड्यात ठेवले, तेव्हा व्यायामासाठी नेत असताना दगडी गडग्यावरून उडी टाकून तो निसटला आणि काही दिवस रानावनात हिंडून पकडला गेला. मग स्वानविक येथील छावणीत त्याने व त्याच्या सोबत्यांनी भुयार खणले. डिसेंबरातल्या एका रात्री बाहेर पडून तो सरळ हकनॉलच्या विमानतळावर गेला, आपण इंग्रजांच्या बाजूने लढणारे डच वैमानिक आहोत अशी थाप मारली आणि एका हरिकेन विमानात जाऊनही बसला. आणखी थोडा वेळ मिळता तर इंग्रजांचेच विमान घेऊन तो घरी गेला असता. पण पिस्तुलाच्या धाकाने त्याला खाली उतरवण्यात आले. ह्या सर्व प्रकाराची शिक्षा काय? काही दिवसांची कोठडी. पुढे कॅनडात नेत असता धावत्या गाडीच्या खिडकीतून त्याने उडी टाकली, सेंट लॉरेन्स नदी ओलांडून तो त्या वेळी तटस्थ असलेल्या अमेरिकेत शिरला आणि दक्षिण अमेरिकेच्या वाटेने १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मनीस पोहोचला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर समुद्रावर उड्डाण करीत असता विमानाचे यंत्र बंद पडून तो मरण पावला.

इतरांना हे यश लाभले नाही. इंग्लंड हे बेट. छावणीचे कुंपण ओलांडले तरी पुढे समुद्राचे कुंपण होतेच. १९४५ च्या मार्चमध्ये वेल्समधील ब्रिजेंडच्या छावणीतून सुमारे सत्तर जर्मन एका रात्रीत भुयारातून बाहेर पडले आणि थोड्याच दिवसांत सारे परत आणले गेले. युद्ध संपले तेव्हा पळण्याचे प्रयोजनही संपले, पण कैद संपली नाही. सुमारे चार लाख जर्मन १९४६ मध्येही ब्रिटनमध्ये होते, शेतांवर व रस्त्यांवर काम करीत होते, आणि त्यांतले शेवटचे १९४८ मध्ये घरी गेले. काही हजार जण तर आपखुशीने तेथेच राहिले. बर्ट ट्राउटमान हा त्यांपैकीच एक. ज्या देशाने त्याला कैद केले त्याच देशातील मँचेस्टर सिटी ह्या संघाचा तो गोलरक्षक झाला आणि १९५६ च्या अंतिम सामन्यात मानेचे हाड मोडलेले असताना शेवटपर्यंत खेळला.

आता आपल्या देशाकडे येऊ. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले त्या वेळी हिंदुस्थानात पुष्कळ जर्मन व ऑस्ट्रियन माणसे होती. रंगांच्या व औषधांच्या कंपन्यांचे अधिकारी, मिशनरी, अभियंते, आणि नंगा पर्वताच्या पाहणीसाठी आलेले चार गिर्यारोहक. पेटर आउफश्नायटर हा त्या तुकडीचा नायक. आयगर शिखराची उत्तर भिंत १९३८ मध्ये प्रथम चढणाऱ्या चौघांपैकी हाइन्रिश हारर हा त्याचा सोबती. परतीच्या जहाजाची वाट पाहत ते कराचीस थांबले होते, तेथेच ते अडकले. त्यांची रवानगी नगरच्या छावणीत झाली. नगरला हे नवे नव्हते. पहिल्या महायुद्धातही तेथे जर्मनांना ठेवलेले होते, आणि त्याआधी दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदीही. नगरहून ह्या मंडळींना नाशिकजवळच्या देवळालीस आणि तेथून १९४१ मध्ये डेहराडूनजवळ प्रेमनगरला हलवण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेक जण गणवेशातले सैनिक नव्हते, नजरकैदेतले मुलकी लोक होते. तथापि युद्धकैद्यांना लावावयाचे नियमच त्यांनाही लावण्याचे दोन्ही सरकारांनी मान्य केले होते.

डेहराडूनच्या छावणीतून हिमालयाच्या रांगा दिसतात. गिर्यारोहकाला कुंपणाच्या आत बसवून समोर हिमालय दाखवणे म्हणजे त्याला पळण्याचे आमंत्रण देण्यासारखेच होते. १९४३ च्या मे महिन्यात हारर एका इटालियन सेनाधिकाऱ्यासह निसटला. दिवसा रानात लपून आणि रात्री चालून ते तिबेटच्या सरहद्दीच्या दिशेने पुष्कळ वर गेले, परंतु शेवटी सापडले. छावणीचा प्रमुख असलेल्या इंग्रज कर्नलने त्याच्या धाडसाची मोकळेपणाने प्रशंसा केली आणि नियमाप्रमाणे अठ्ठावीस दिवसांची एकांत कोठडी द्यावी लागत असल्याबद्दल खेदही व्यक्त केला. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा वळावयाचे आहे.

दुसरा आणि यशस्वी प्रयत्न २९ एप्रिल १९४४ चा. दुपारची वेळ होती. छावणीतील तारांच्या कुंपणाची दुरुस्ती करणारी माणसे नेहमीच हिंडत असत. त्या दिवशी सात जणांची अशीच एक तुकडी फाटकाकडे आली. दोघे इंग्रज अधिकारी, एकाच्या हातात नकाशाची गुंडाळी. मागोमाग काळवंडलेल्या तोंडांचे, फेटे बांधलेले, शिडी आणि तारेचे भेंडोळे वाहणारे पाच हिंदी मजूर. अधिकारी म्हणजे रोल्फ मागेनर आणि हाइन्स फॉन हावे. मजुरांत हारर, आउफश्नायटर आणि त्यांचे तिघे सोबती. पहारेकऱ्यांनी सलाम ठोकला आणि तुकडी भर उन्हात, उघड्या फाटकातून बाहेर पडली.

श्रोतेहो, वेषांतर करून निसटण्याच्या गोष्टी आपल्याला नवीन नाहीत. आग्र्याची कथा मराठी मूल पाळण्यातच ऐकते. परंतु डेहराडूनच्या ह्या प्रसंगाचे मर्म निराळे आहे. त्या काळच्या हिंदुस्थानात दोन प्रकारची माणसे अशी होती की त्यांना कोणी हटकत नसे. एक गोरा साहेब आणि दुसरा मजूर. साहेबाला हटकण्याची कोणाची छाती नव्हती आणि मजुराच्या तोंडाकडे कोणी बघत नव्हते. हिंदी पहारेकऱ्याला वर्षानुवर्षे हेच शिकवलेले होते की गोऱ्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारावयाचा नसतो, सलाम करावयाचा असतो. त्या दिवशी त्याने शिकवल्याप्रमाणे सलाम केला. ज्या उतरंडीच्या जोरावर साम्राज्य उभे होते, त्याच उतरंडीने साम्राज्याच्या शत्रूला फाटक उघडून दिले. ह्या पाचांनी मजुरांचे सोंग घटकाभर घेतले आणि ओढ्याकाठच्या झुडपांत टाकून दिले. खऱ्या मजुरांना मात्र ते टाकता येण्यासारखे नव्हते.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. मागेनर आणि हावे आगगाडीने कलकत्त्यास गेले आणि तेथून चितगावच्या बाजूने अराकानच्या आघाडीपर्यंत पोहोचून जपान्यांना जाऊन मिळाले. गंमत अशी की ह्या मित्रांनी त्यांना हेर समजून आधी डांबूनच ठेवले. इतर काही थकून किंवा आजारी पडून मागे फिरले. हारर आणि आउफश्नायटर १९४६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. हाररने लिहिलेले तिबेटमधील सात वर्षांचे पुस्तक जगभर वाचले गेले. हा मनुष्य नाझी पक्षाचा व त्याच्या एस. एस. संघटनेचा सभासद होता, ही गोष्ट १९९७ मध्ये उघडकीस आली. हे मी मुद्दाम सांगतो. पळणारा धाडसी असला म्हणजे त्याचा पक्ष न्याय्य ठरतो असे नव्हे. फॉन व्हेराचे धाडस खरे, पण तो ज्या सत्तेकडे परत गेला ती कोणती हे विसरता येत नाही. कायद्याचा मोठेपणाच असा की तो कैद्याच्या पक्षाची चौकशी करीत नाही.

त्या सत्तेने हाच कायदा कसा पाळला? डेहराडूनच्या पलायनाच्या एकच महिना आधी, २४ मार्च १९४४ च्या रात्री, जर्मनांच्या ताब्यातील सागानच्या छावणीतून दोस्तांचे शहात्तर वैमानिक भुयारातून बाहेर पडले. तिघे घरी पोहोचले, त्र्याहत्तर पकडले गेले. त्यांपैकी पन्नास जणांना हिटलरच्या आज्ञेवरून गोळ्या घालण्यात आल्या. एकीकडे अठ्ठावीस दिवसांची कोठडी आणि दुसरीकडे पन्नास प्रेते. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी मारेकऱ्यांना शोधून काढले आणि १९४७ मध्ये हॅम्बुर्गला त्यांच्यावर खटला चालवला. येथपर्यंत ही कथा इंग्रजांच्या न्यायबुद्धीचे प्रशस्तिपत्र वाटते. परंतु मराठी माणसाला ह्या ठिकाणी थांबता येत नाही.

१९४३ च्या मे महिन्यात हारर डेहराडूनहून निसटला, हे मी मघा सांगितले. त्याच वर्षी, दोन महिन्यांनी, २४ जुलै रोजी सांगलीच्या तुरुंगातून आणखी काही कैदी निसटले. त्यांचे पुढारी होते वसंतदादा पाटील, जे पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तुरुंग किल्ल्यात होता. पहारेकऱ्यांच्या बंदुका काढून घेऊन ह्या तरुणांनी तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि कृष्णेकडे धाव घेतली. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे ठार झाले. वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पकडले गेले आणि दीर्घ कारावासास पाठवले गेले. त्यांच्या धाडसाची प्रशंसा करणारा, शिक्षा द्यावी लागते म्हणून हळहळणारा कोणी कर्नल तेथे नव्हता. सांगली हे संस्थान होते हे खरे, पण त्याच्या डोक्यावर छत्र कोणाचे होते हे आपणांस ठाऊक आहे.

आणि नगर? ज्या शहराच्या छावणीत जर्मन नजरकैदी ठेवले होते त्याच शहराच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सभासद डांबलेले होते. ना आरोप, ना खटला, ना मुदत. डेहराडूनचे सात जण फाटकाबाहेर पडले त्याच एप्रिल महिन्यात नेहरूंनी ह्या किल्ल्यात भारताच्या शोधाचे आपले पुस्तक लिहावयास घेतले. परकी शत्रूची विचारपूस करण्यासाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी छावणीत येत. स्वतःच्या देशासाठी लढणाऱ्या हिंदी माणसासाठी असा कोणताच करार नव्हता. थोडक्यात सांगावयाचे तर शत्रूला कायदा होता, रयतेला तो नव्हता.

असे का व्हावे? ह्याचे एक कारण उघड आहे. जर्मनांच्या हाती हजारो इंग्रज कैदी होते. डेहराडूनच्या जर्मनाला आपण जसे वागवू तसे बर्लिनचे सरकार आपल्या माणसाला वागवील, ही भीती इंग्रज सरकारच्या मनात होती. सांगलीच्या तरुणाच्या बदल्यात ओलीस म्हणून कोणी नव्हते. म्हणजे कायदा पाळला गेला तो पुष्कळ अंशी देवघेवीच्या हिशेबाने. देवघेवीने पाळलेला कायदाही काही वाईट नव्हे, त्याने लाखो जीव वाचवले. पण एखाद्या राष्ट्राचे खरे शील कळावयाचे असेल, तर जेथे हा हिशेब लागू पडत नाही तेथे ते कसे वागते हे पाहिले पाहिजे.

आणि येथे आपण पुन्हा जबलपूरला येतो. १९७१ च्या डिसेंबरानंतर रखवालदाराची जागा प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे आली. आपल्या हाती त्र्याण्णव हजार आणि पाकिस्तानच्या हाती आपले सुमारे सहाशे. हा हिशेब अगदीच विषम. मनात सूडाला जागा होती, कारण पूर्व बंगालमध्ये त्या वर्षी काय घडले ते निर्वासितांच्या तोंडून साऱ्या देशाने ऐकले होते. अशा वेळी कॅम्प नंबर शंभर आणि त्यासारख्या छावण्यांत जिनिव्हा कराराप्रमाणे अन्न, औषध, पत्रव्यवहार आणि भत्ता देणे, रेडक्रॉसच्या लोकांना आत येऊ देणे, ही साधी कामे नव्हती. सर्व काही निष्कलंक झाले असेही नाही. काही छावण्यांत गोळीबार होऊन कैदी दगावले. हे झाकून ठेवल्याने आपला मोठेपणा वाढत नाही. कैदी पळालेही. १९७२ च्या सप्टेंबरात फत्तेगडच्या छावणीतून मेजर नादिर परवेझ आणि त्यांचे काही सोबती भुयार खणून निसटले आणि स्वदेशी पोहोचले. त्यांच्या देशाने त्यांना वीर मानले, आणि ते योग्यच होते.

कारण त्याच्या महिनाभरच आधी आपल्या तीन वैमानिकांनी तेच केले होते. त्यांतल्या म्होरक्याचे नाव दिलीप परुळकर. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पाडले गेले होते. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी आणि मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी ह्या दोन सोबत्यांनी कोठडीच्या भिंतीला भोक पाडले आणि ऑगस्टच्या तेराव्या तारखेच्या पहाटेपूर्वी, वादळी रात्रीचा फायदा घेऊन ते बाहेर पडले. कराराप्रमाणे मिळणारा भत्ता त्यांनी साठवून ठेवला होता. तेवढ्या पैशांवर पेशावर गाठून, खैबरच्या वाटेने लंडी कोतलपर्यंत ते पोहोचले. अफगाणिस्तानची हद्द तेथून अवघी चार मैल. पण त्यांच्याजवळच्या जुन्या नकाशात लंडी खाना नावाचे रेल्वेस्थानक दाखवलेले होते. ते १९३२ पासूनच बंद पडले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाची वाट विचारणारे हे तरुण कोण, असा संशय आला आणि तिघे पकडले गेले.

हद्दीवरच्या त्या मुलखात हेर म्हणून काय होऊ शकते ह्याची परुळकरांना कल्पना होती. त्यांनी एक दूरध्वनी करण्याची परवानगी मागितली, आणि तो कोणाला? रावळपिंडीच्या छावणीत पूर्वी ज्यांच्या देखरेखीखाली ते होते त्या उस्मान हमीद ह्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला. हमीद त्या वेळी पाकिस्तानी हवाई दलाच्या प्रमुखांचे स्वीय अधिकारी होते. हे आमचेच कैदी आहेत, त्यांना धक्का लावू नका, असा निरोप त्यांनी दिला आणि तिघांचे प्राण वाचले. आपण हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. कैदी पळतो, सापडतो आणि जीव वाचवण्यासाठी ज्या माणसाच्या हातावर तुरी दिल्या त्याच्याच खात्याच्या अधिकाऱ्याचे नाव सांगतो. त्याला त्या अधिकाऱ्याच्या शब्दाचा भरवसा वाटतो. हा भरवसा एका दिवसात निर्माण झालेला नव्हता. छावणीतल्या महिन्यांच्या साध्या, सभ्य वागणुकीतून तो आला होता. १ डिसेंबर १९७२ रोजी हे तिघे वाघ्याच्या हद्दीवरून मायदेशी परतले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पुण्याजवळ, त्यांचे निधन झाले.

पळालेल्या शत्रूला दुसऱ्यांदा धरल्यावर आपला हात कुठे थांबतो, ह्यावरून आपली परीक्षा होते असे मी आरंभी म्हटले. डेहराडूनच्या इंग्रज कर्नलचा हात थांबला आणि सागानच्या मारेकऱ्यांचा थांबला नाही. लंडी कोतलला एका दूरध्वनीने तो थांबवला. सांगलीच्या गोळ्या कृष्णेकाठी ज्यांना लागल्या त्यांच्यासाठी कोणीच तो थांबवला नाही. म्हणून स्वतंत्र झालेल्या देशावर जबाबदारी दुहेरी आहे. आपल्या माणसांना कायदा नाकारला गेला होता, हे ज्याला आठवते त्याने तो इतरांना नाकारू नये. आणि ही गोष्ट केवळ युद्धकैद्यापुरती नाही. आपल्याच तुरुंगातील आपलाच माणूस, ज्याच्या बदल्यात कोणी ओलीस नाही आणि ज्याच्यासाठी रेडक्रॉस येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो हाही ह्याच प्रश्नाचा भाग आहे. जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहाला आज नेताजी सुभाषचंद्रांचे नाव आहे. ते स्वतः तेथे कैदेत होते, आणि पुढे १९४१ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या आपल्या घराभोवतीचा पहारा चुकवून वेषांतराने निसटले. पळालेल्या कैद्याचे नाव कारागृहाला मिळावे, हा योगायोग तेथील रखवालदारांनी विसरू नये असाच आहे.

३० एप्रिल १९७४ रोजी जनरल नियाझी वाघ्याची हद्द ओलांडून गेले. छावणीतल्या खोल्या रिकाम्या झाल्या, कुंपणाच्या तारा उतरल्या आणि जबलपूर पुन्हा आपल्या नित्याच्या कामाला लागले. सदरकडून छावणीच्या रस्त्याने आपण कधी गेलात, तर त्या दिवसांची खूण म्हणून दाखवावे असे फारसे काही दिसणार नाही. माणसे आली, त्यांना ठेवले, आणि ती आपल्या मुलाबाळांत परत गेली. कैद करणाऱ्या राष्ट्राने आपल्या मागे ठेवावी अशी हीच खूण आहे.